वरचं पाणी, खालची वाट

आसामच्या बक्सा जिल्ह्यात, भूतानच्या डोंगरांच्या अगदी पायथ्याशी, एक म्हातारा शेतकरी राहत होता. हा म्हातारा या गोष्टीपुरता माझा आहे, त्याचा नातूही माझाच. बाकी इतिहास आणि बातम्या म्हणून जे येईल ते घडलेलं आहे.

म्हाताऱ्याचं भात भूतानच्या पाण्यावर पिकत असे. ओढा वर, दुसऱ्या देशात. वावर खाली, आपल्या देशात. मधे माणसांनी हातांनी खणलेला पाट. तिकडे त्याला डोंग म्हणतात. १९५०च्या दशकापासून त्या भागातली सव्वीसएक गावं या पाण्यावर लावणी करत आली. दर वर्षी पाऊस तोंडावर आला की गावातले गडी फावडी, कोयते नि बांबू घेऊन वर निघायचे. सामद्रुप जोंगखार जिल्ह्याच्या हद्दीत शिरायचे, वाहून गेलेले दगड पुन्हा रचायचे, गाळ उपसायचे, पाणी खाली वळवायचे आणि घरी यायचे. पासपोर्ट नाही, अर्ज नाही. वरच्या गावातलं कुणी भेटलं तर चहा व्हायचा. ‘आमच्या हद्दीत खणताय कशाला’ असं कुणी विचारल्याचं म्हाताऱ्याला आठवत नव्हतं. आपल्याकडे एका आईच्या पोटचे भाऊ पाटाच्या पाळीवरून कोर्टात जातात, त्यामुळे ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

२०२० साल उजाडलं. मार्चमध्ये करोना आला आणि भूतानने हद्दीची दारं लावून घेतली. परका माणूस आत यायचा नाही, आपला आला तर आधी विलगीकरणात राहायचा. साडेसात लाखांच्या आसपास वस्तीचा देश, डॉक्टर मोजके. दार लावण्यावाचून त्यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. पण त्यामुळे खालचे गडी फावडी घेऊन वर जाऊ शकले नाहीत. त्यात पाऊस लवकर आणि जोराचा आला. दगडगोटे, झाडांच्या फांद्या, गाळ सगळं वाहत येऊन पाटाच्या तोंडाशी बसलं. जूनमध्ये, ऐन लावणीच्या वेळी, खाली पाणी रोडावलं.

शेतकरी चिडले. वाफ्यात पाणी नसेल तर शेतकरी चिडणारच. भूतानकडे जाणाऱ्या रस्त्यावर ठिय्या बसला. दोन-तीन दिवसांत बातमी झाली, ‘भूतानने पाणी तोडलं.’

एरवी अशी बातमी कुणी दोनदा वाचली नसती. पण दिवस वाईट होते. १५ जूनला गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान मारले गेले होते. त्याच महिन्यात नेपाळच्या संसदेने भारताच्या ताब्यातला मुलूख नेपाळचा म्हणून दाखवणारा नवा नकाशा मंजूर केला होता. चीन झाला, नेपाळ झाला, आता भूतानही, अशी माळ आपोआप ओवली गेली. रागाच्या भरात माणूस पुरावा मागत नाही.

म्हाताऱ्याचा नातू कोरड्या पाटात उभा राहिला, त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि सोडून दिला. मग घरी आला.

“आजोबा, तुम्ही अजून इथंच? सगळे रस्त्यावर बसलेत.”

“कशाला?”

“भूतानने पाणी तोडलं.”

“तू पाहिलंस?”

“मोबाइलवर आलंय.”

“मी पाटाचं विचारतोय. वर जाऊन पाहिलंस का?”

नातू गप्प झाला, पण थोडाच वेळ. “वर जाऊ देतात कुठं? आणि आपण कशाला पाहायचं? त्यांचा तांदूळ, तेल, सिमेंट सगळं आपल्या रस्त्याने वर जातं. समुद्र नाही त्यांना. आठ दिवस ट्रक अडवले की गुडघ्यावर येतील.”

“येतील,” म्हातारा म्हणाला. “आणि मग?”

“मग पाणी सोडतील.”

“सोडतील. आणि पुढच्या वर्षी आपण फावडी घेऊन गेलो की कागद मागतील. बाळा, पाणी त्यांच्या हातात आहे, वाट आपल्या हातात आहे. दोघांनीही हात आवरायचा, याला शेजार म्हणतात. आणि आवरायला सुरुवात मोठ्याने करायची. लहान्याला ते आधी करून चालत नाही, त्याला कायम भीती असते.”

या गोष्टीचा बोध एवढाच आहे आणि तो म्हाताऱ्याने इथंच सांगून टाकला. नातवाला तो पटला नाही. विशीत मलाही पटला नसता. म्हणून म्हाताऱ्याने त्याला जुन्या गोष्टी ऐकवल्या. त्याला तारखा येत नव्हत्या, त्या मी घालतो.

त्या डोंगरात वर देवानगिरी नावाची जागा आहे. १८६४-६५ च्या लढाईत इंग्रजांनी पायथ्याचा सगळा सुपीक पट्टा भूतानकडून घेतला, त्यात देवानगिरीही गेली. भारत स्वतंत्र झाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगला भारत-भूतान करार झाला. त्यात नव्या भारताने देवानगिरीचा ३२ चौरस मैलांचा तुकडा परत केला आणि वर्षाला पाच लाख रुपये द्यायचं कबूल केलं. मोठ्या देशाने लहान देशाला आपण होऊन जमीन परत दिल्याची उदाहरणं इतिहासात फार सापडत नाहीत. पण त्याच करारात दुसरं कलमही होतं. बाहेरच्या देशांशी वागताना भूतानने भारताच्या सल्ल्याने चालावं, असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे जमीन दिली आणि दोरीचं एक टोक हातात ठेवलं. इंग्रजांकडून वारशाने आलेली ही दोरी होती. नव्या मालकाला ती टाकून द्यायला अजून बराच काळ लागायचा होता.

मग १९५८ चा सप्टेंबर. नेहरू पंतप्रधान, वय ६८. त्यांना भूतानला जायचं होतं आणि तिथवर मोटारीचा रस्ता नव्हता. राजा जिग्मे दोरजी वांगचुक त्याआधी १९५४ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत पाहुणे म्हणून येऊन गेले होते. पुन्हा बोलावणं धाडलं असतं तर पुन्हा आले असते. नेहरू स्वतः निघाले. सिक्कीममधून नथुला खिंड, तिथून तिबेटातलं चुंबी खोरं, जिथे तोवर चिनी सैन्य येऊन बसलं होतं, आणि मग भूतानचा चढ. कधी खेचरावर, कधी याकवर, कधी पायी. बरोबर इंदिरा गांधी. कित्येक दिवसांची ही वाट होती. सत्तरीला आलेला, चाळीस कोटींच्या देशाचा पंतप्रधान जनावराच्या चालीने चालला होता, कारण यजमानाच्या घरी जायचा रस्ताच तसा होता.

पारोला पोचल्यावर ते लोकांसमोर जे बोलले त्याचा आशय असा: भारत मोठा आणि भूतान लहान, तेव्हा भारत दडपण आणेल असं कुणाला वाटू शकतं. आमची इच्छा एकच आहे, तुम्ही स्वतंत्र राहावं आणि आपली वाट आपण ठरवावी.

हे दिल्लीत बसून पत्राने कळवता आलं असतं. मजकूर तोच राहिला असता. पण लहान शेजाऱ्याला मोठ्याच्या शब्दांपेक्षा मोठा ते शब्द कुठे उभा राहून बोलतो याची किंमत जास्त असते. त्याच्या अंगणात, त्याच्या माणसांसमोर बोललेलं मागे घेणं अवघड जातं. त्यात भारताचा स्वार्थ नव्हता असं नाही. तिबेट चीनने गिळलं होतं, उत्तरेची भिंत पडली होती, भूतान आपल्या बाजूला राहणं दिल्लीला हवंच होतं. स्वार्थ असूनही नीट वागता येतं, एवढंच त्या प्रवासाने दाखवलं.

पुढचं भराभर. १९६१ मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना भारताच्या पैशावर सुरू झाली आणि त्याच वर्षी आपल्या सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प डोंगरात शिरला. आमचा म्हातारा तेव्हा विशीत होता. सामद्रुप जोंगखारहून वर जाणाऱ्या रस्त्यावर त्याने खडी फोडली. “कडा फोडताना आमच्यातले काही गेले, त्यांच्यातलेही गेले,” तो नातवाला म्हणाला. “ज्या रस्त्यावर तू ट्रक अडवणार आहेस, तो कुणाच्या घामाचा आहे ते आधी विचार.”

१९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रसंघात गेला, तोही भारताच्या पाठिंब्याने. बाहेरच्या देशांशी तुम्ही आमच्या सल्ल्याने वागा असं लिहून घेणाऱ्यानेच त्याला जगाच्या दारात नेऊन उभं केलं. तिथून पुढे त्या दुसऱ्या कलमाचं वजन कमी होत गेलं.

आणि मग चुखा. वांगचू नदीवरचा ३३६ मेगावॅटचा हा वीज प्रकल्प १९७४ च्या करारातून उभा राहिला आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चालू झाला. भारताने पैसा दिला, त्यातला साठ टक्के अनुदान, चाळीस टक्के कर्ज. वीज तयार होणार भूतानमध्ये, जास्तीची विकत घेणार भारत. मला या व्यवहारातला शहाणपणा आवडतो. गरीब शेजाऱ्याला दर वर्षी मदत देत राहिलं की तो मिंधा राहतो आणि मनातून चिडतो. त्याच्याच नदीवर त्याला विकण्याजोगं काही उभं करून दिलं की तो गिऱ्हाइकाशी बोलावं तसा बोलतो, दरावरून भांडतोही. भूतान पुढे दरावरून भांडलाच. भांडायची ऐपत येणं हीसुद्धा मैत्रीची कमाई म्हणायची.

लहान्याने आपला वाटा उचलला तो २००३ मध्ये. आसाममधले उल्फा आणि बोडो बंडखोर, बंगालमधले केएलओवाले भूतानच्या दक्षिणेकडच्या जंगलात तळ ठोकून होते. भूतान काही वर्षं त्यांची समजूत काढत बसला, दिल्लीत त्यावरून कुरकुर व्हायची. अखेर १५ डिसेंबर २००३ ला भूतानच्या छोट्याशा सैन्याने तीसएक तळांवर हल्ला केला. राजा जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः आघाडीवर होते. बक्साच्या लोकांना त्या हिवाळ्यातले आवाज अजून आठवतात, असं माझा म्हातारा म्हणाला असता.

तीन वर्षांनी, ८ फेब्रुवारी २००७ ला, नवा करार झाला. सल्ल्याने चालण्याचं कलम गेलं. त्याच्या जागी दोघांनी एकमेकांच्या हिताच्या गोष्टींत जवळून सहकार्य करावं आणि आपली जमीन दुसऱ्याविरुद्ध वापरू देऊ नये, असं आलं. ‘दोघांनी’ हे नवं होतं. ५८ वर्षांनी दोरी खाली ठेवली गेली.

इथवर ऐकून नातू म्हणाला, “म्हणजे आपण कायम चांगलेच वागलो तर?”

“नाही,” म्हातारा म्हणाला. “गॅसचं विसरलास?”

नातू तेव्हा लहान होता. २०१२ मध्ये भूतानचे पंतप्रधान जिग्मी थिनले रिओच्या परिषदेत चीनच्या पंतप्रधानांना भेटले. दिल्लीत कपाळाला आठ्या पडल्या. पुढच्या वर्षी भूतानमध्ये निवडणूक आली. १३ जुलैला मतदान आणि १ जुलैपासून भारताने भूतानला जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसवरची आणि रॉकेलवरची सवलत बंद केली. योजनेची मुदत ३० जूनला संपली, म्हणून हे झालं, असं कारण दिलं गेलं. कागदोपत्री ते खरंही होतं. पण थिम्पूच्या गृहिणीला सिलिंडर दुप्पट किमतीच्याही वर गेलेला दिसला आणि तिने तारखांचा जो अर्थ लावायचा तो लावला. थिनलेंचा पक्ष हरला. सवलत काही आठवड्यांत परत आली. हेतू काय होता याचा वाद राहू दे. मला वाटतं, नेहरूंनी खेचरावरून वर नेलेल्या विश्वासातला बराचसा त्या महिन्यात खाली घसरला. हात आवरायचा होता तेव्हा आपला हात तोटीवर गेला, किंवा गेल्यासारखा दिसला. शेजारात या दोन्हींत फार फरक पडत नाही.

“त्यांनी तेव्हा पाणी तोडलं का?” म्हाताऱ्याने विचारलं.

“नाही.”

“मग आत्ता कशाला तोडतील?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नातवाला घेऊन पाटाच्या काठाकाठाने हद्दीपर्यंत गेला. पलीकडे जाता येत नव्हतं, पण दिसत होतं. पाटाच्या तोंडाशी माणसं उभी होती, मास्क लावलेली, गुडघाभर चिखलात. एक यंत्र दगड बाजूला करत होतं. खालच्यांना येता येत नाही म्हणून त्यांचं काम वरचे करत होते.

२६ जूनला भूतानच्या परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढलं. पाणी तोडल्याची बातमी खोटी आहे, पाट आम्हीच साफ करतोय, आसामच्या शेतकऱ्यांच्या पाण्यात खंड पडू नये म्हणून, आणि अशा बातम्यांनी दोन शेजाऱ्यांत गैरसमज पसरवू नयेत. आसामच्या मुख्य सचिवांनीही सांगितलं की पाट नैसर्गिक कारणाने तुंबला होता. निवेदनाचा सूर दुखावलेल्या माणसाचा होता. शिव्यांना शिव्या त्यात नव्हत्या.

पाणी आलं, लावणी झाली. नातवाने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो त्याचा राहिला नव्हता. कुठल्या कुठे पोचला होता. खोट्याला परत बोलावता येत नाही.

त्यानंतरचं वर्ष या गोष्टीत घ्यायलाच हवं. २० जानेवारी २०२१ ला भारताने शेजाऱ्यांना लस पाठवायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत भूतान होता. पुण्याच्या सीरमची कोव्हिशील्ड, दीड लाख मात्रा, मुंबईहून विमानाने निघाल्या. भूतानने त्या लगेच टोचल्या नाहीत. सगळ्यांना पुरतील एवढ्या हातात येईपर्यंत आणि अशुभ महिना सरेपर्यंत वाट पाहिली. मार्चमध्ये आणखी चार लाख आल्या, आणि २७ मार्चपासून दोन-अडीच आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना पहिली मात्रा मिळाली. मग आपल्याकडे दुसरी लाट आली, स्मशानं कमी पडली आणि लस बाहेर पाठवणं थांबलं. भूतानच्या दुसऱ्या मात्रा अडकल्या. त्यांनी अमेरिका, डेन्मार्क यांच्याकडून लस मिळवून जुलैत ती दिली. भारताने शब्द मोडला असा गवगवा केला नाही.

उलट एप्रिलच्या त्या भयंकर आठवड्यात ठरलं ते असं: सामद्रुप जोंगखार जिल्ह्यातल्या मोटांगा औद्योगिक वसाहतीत उभ्या राहत असलेल्या नव्या कारखान्यातून भूतान आसामला रोज ४० टन द्रवरूप ऑक्सिजन देईल. तोच जिल्हा. दहा महिन्यांपूर्वी ज्याच्या नावाने रस्त्यावर घोषणा झाल्या होत्या तो. नातवाने ही बातमी म्हाताऱ्याला वाचून दाखवली. म्हाताऱ्याने दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, “टँकर कुठल्या रस्त्याने येणार?”

“दुसरा रस्ता आहे कुठं?” नातू म्हणाला.

२३ सप्टेंबर २०२२ ला भूतानने हद्दीची दारं उघडली. पुढच्या उन्हाळ्यात, लावणीआधी, गावातले गडी पुन्हा फावडी घेऊन निघाले. म्हाताऱ्याचे गुडघे चालेनात, त्याने नातवाला धाडलं. आता दाराशी ओळखपत्र दाखवावं लागत होतं, नाव लिहावं लागत होतं. नातू कुरकुरला, पण लिहिलं.

पाटाच्या तोंडाशी पलीकडच्या गावातला एक मुकादम उभा होता. त्याने नातवाकडे नीट पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, “तो व्हिडिओ टाकणारा तूच का रे?”

नातू म्हणाला, “नाही.” मग थोडं थांबून म्हणाला, “हो.”

“मग तू वरच्या बाजूला ये,” मुकादम म्हणाला. “तिथं दगड मोठे आहेत.”